रिस्क क्रमांक सात: सबनीस मॅडम

भिंतीवरच्या कागदावर सहा धोके लिहून झाले होते. सातवा कोण सांगतंय याची वाट बघत मी हातात स्केचपेन घेऊन उभी होते. मग मागच्या खुर्चीवरून दिनेश वानखडे म्हणाला, "मॅडम, सातव्या नंबरवर तुमचं नाव लिहा."

प्रत्येक धोक्यावर लक्ष ठेवायला एक माणूस नेमायचा असतो. मला वाटलं, तो त्याबद्दल बोलतोय.

"कुठल्या धोक्याला माझं नाव लावू?"

"धोक्याला नाही मॅडम. धोका म्हणूनच."

खोलीत आठ जण होते. सगळे एकदम आपापल्या वहीत बघायला लागले. आमचे साहेब, शेजवलकर, चहाचा कप घेऊन दारात उभे होते. ते म्हणाले, "लिहा हो सबनीस. मलाही हे बरेच दिवस सुचत होतं. फक्त धीर होत नव्हता."

ही वायटूकेच्या, म्हणजे सन दोन हजारच्या, दोनेक वर्षं आधीची गोष्ट आहे. एरंडवण्यातल्या एका बंगल्याचा वरचा मजला, तीच आमची सॉफ्टवेअर कंपनी. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता, म्हणून चपला बाहेर काढायच्या. खाली अंगणात स्कूटर लावायला जागा नसे आणि घरमालक रोज एका तरी स्कूटरची हवा सोडत. अमेरिकेतली कामं हळूहळू यायला लागली होती. त्या लोकांनी एक नवीन अट घातली होती: प्रोजेक्ट सुरू करण्याआधी 'रिस्क रजिस्टर' करा. म्हणजे काय काय बिघडू शकतं त्याची यादी. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायच्या. तसं घडण्याची शक्यता किती, घडलं तर नुकसान किती, आणि त्यावर उपाय काय. मी बंगलोरला जाऊन चार दिवसांचा कोर्स करून आले होते. त्यामुळे दर शनिवारी इतरांना ते शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

त्या शनिवारी आम्ही खऱ्याच प्रोजेक्टवर सराव करत होतो. पुण्यातल्या एका धर्मादाय रक्तपेढीचं काम आमच्याकडे होतं. प्रत्येक रक्ताच्या पिशवीची नोंद तेव्हा कार्डावर असे. पिशवी आत आली की कार्ड कपाटात, बाहेर गेली की कार्ड दुसऱ्या कपाटात. हे सगळं कॉम्प्युटरवर आणायचं होतं. रक्तपेढीच्या प्रमुख डॉ. बर्वे आणि मी, आम्ही दोघींनी मिळून बहुतेक गोष्टी ठरवल्या होत्या. आमचं छान जमायचं. त्या फोन करायच्या, मी 'हो, करून देते' म्हणायचे. संपलं.

वानखडेचा आक्षेप नेमका त्यावर होता. तो यवतमाळचा. पुण्यात येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं. वर्गात कमी बोलायचा, पण बोलला की मागे हटायचा नाही.

"मॅडम, तुम्हीच तर म्हटलं होतं, भीडभाड न ठेवता लिहा. डॉक्टर मॅडमसोबत जे ठरते ते तुमच्या डोक्यात राहते. आम्हाला अर्धं माहीतच नसते. उद्या तुम्ही नसल्या तर?"

"मी कुठे जाणार आहे?"

"तसं नाही. पण समजा."

मी कागदावर माझं नाव लिहिलं. 'शक्यता' या रकान्यात 'कमी' असं लिहिलं.

"मध्यम लिहा मॅडम."

"अहो वानखडे, मी सात वर्षांत एकदाही आजारी पडलेली नाही."

"म्हणूनच. आता आठवं वर्ष आहे."

सगळे हसले. मीही हसले, पण मला राग आला होता हे खरं. आपण शिकवलेलं कोणी इतकं मनावर घेईल, याची शिकवणाऱ्याला सवय नसते.

उपाय तीन निघाले. पहिला, तोंडी ठरलेलं सगळं मी लिहून काढायचं. दुसरा, दर बुधवारी मी रक्तपेढीत जायचं नाही आणि फोनही करायचा नाही, म्हणजे माझ्याशिवाय कुठे अडतं ते कळेल. तिसरा जरा जड होता. मी नसताना काम पुढे न्यायचं की थांबवायचं हे कोण ठरवणार, ते आत्ताच कागदावर लिहायचं. मी पुष्कळ कुरकुर केली. शेवटी लेटरहेडवर दोन ओळी टाइप झाल्या: सबनीस यांच्या गैरहजेरीत हा निर्णय वानखडे घेतील. खाली माझी सही, त्याखाली शेजवलकरांची. साहेबांनी तो कागद वाचला असेल असं मला वाटत नाही.

बुधवार मला फार जड जायचे. पहिल्याच बुधवारी मी मुलीची पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेले. पुस्तकं घेतली, कव्हरं घेतली, आणि समोर पिवळा पीसीओ दिसला. मी रुपयाचं नाणं टाकून रक्तपेढीचा नंबर लावला.

"वानखडे, सहज विचारतेय, लेबलचा प्रिंटर..."

"मॅडम, आज बुधवार आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी तशीच रिसीव्हर हातात धरून उभी. मागचे गृहस्थ म्हणाले, "बाई, बोलणं संपलं असेल तर आम्हालाही नातेवाईक आहेत."

मी यादी मात्र प्रामाणिकपणे केली. डॉक्टरांशी ठरलेल्या अडतीस गोष्टी आठवून आठवून लिहिल्या. अडतीस म्हणजे मला फारच वाटल्या. आता काही राहिलं नाही, अशी खात्री झाली.

गो-लाइव्ह, म्हणजे नवीन सिस्टिम खऱ्या कामासाठी सुरू करण्याचा दिवस, शनिवारी ठरला होता. त्याच्या आधीच्या सोमवारी मला ताप आला. बुधवारी डोळे पिवळे झाले. कावीळ. आमच्या घरच्या डॉक्टरांनी तीन आठवडे अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलं. माझा नवरा श्रीकांत बँकेत होता आणि शिस्तीचा होता. त्याने फोन बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला. मी तारीख पुढे ढकलायला सांगितली. शेजवलकर म्हणाले, "रक्तपेढीच्या विश्वस्तांनी पाहुणे बोलावलेत. पत्रिका वाटून झाल्यात. तुमचा तो सात नंबर आहे ना? मग वापरा की."

वानखडे घरी भेटायला आला. उसाचा रस घेऊन आला होता. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "मॅडम, एक बदल करू का? तुम्ही आणि डॉक्टर मॅडमनी ठरवलं होतं, पहिल्या दिवसापासून कार्डाची कपाटं बंद. मी ती आठ दिवस चालू ठेवतो."

याला पॅरलल रन म्हणतात. जुनी आणि नवी पद्धत काही दिवस बरोबरीने चालवायची. मी मुद्दाम नको म्हटलं होतं. कपाटं उघडी राहिली की लोक कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, हा माझा अनुभव होता. मी त्याला तसं सांगितलं.

"पण मॅडम, तुम्ही तिथे नाही," तो म्हणाला. "तुम्ही असत्या तर चाललं असतं."

माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. कर म्हटलं.

शनिवारी दुपारी पावणेतीनला फोन वाजला. श्रीकांतने उचलला, दोन मिनिटं ऐकलं आणि वायर ओढत माझ्या खोलीत आणला. "शेजवलकर आहेत. आवाजावरून वाटतंय, कावीळ त्यांनाही होईल."

"सबनीस," साहेब म्हणाले, "तुमच्या वानखडेनं सिस्टिम बंद केलीय. चार वाजता उद्घाटन. पाहुणे घरून निघालेत. मी चालू कर म्हणतोय तर ऐकत नाही. मला एक कागद दाखवतोय."

"कसला कागद?"

"माझ्याच सहीचा."

मी वानखडेला फोन द्यायला सांगितलं. त्याने सगळं नीट सांगितलं. काम सकाळपासूनच नव्या सिस्टिमवर सुरू केलं होतं, चारला फक्त समारंभ व्हायचा होता. सकाळी एका हॉस्पिटलमधून एक पिशवी न वापरता परत आली. रक्ताचं असं असतं की पिशवी ठरावीक वेळेपेक्षा जास्त फ्रिजबाहेर राहिली तर पुन्हा कुणाला द्यायची नसते. ही पिशवी तिकडे वॉर्डातल्या टेबलावर तास-दीड तास पडून होती. काउंटरवरच्या मुलीने ती 'परत आली' म्हणून कॉम्प्युटरवर नोंदवली. आमच्या प्रोग्रॅमने ती सरळ साठ्यात जमा केली आणि 'उपलब्ध' असं दाखवलं. दुपारी त्याच रक्तगटाची मागणी आली. बाळंतपणाची केस होती, घाई होती. कॉम्प्युटरने याच पिशवीचा नंबर दिला. पिशवी काढायला गेलेल्या लीलाताईंना दिसलं की या नंबरचं कार्ड तर कपाटात उलटं ठेवलंय. सकाळी ते त्यांनीच ठेवलं होतं.

लीलाताई तिथल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन. वानखडेने 'उलटं कार्ड' एवढे शब्द उच्चारले आणि मी अंथरुणात उठून बसले. मला ते माहीत होतं. चार महिन्यांपूर्वी चहा पिता पिता लीलाताईंनीच मला सांगितलं होतं. "परत आलेल्या पिशवीचं कार्ड मी उलटं ठेवते हं मॅडम, डॉक्टर बघेपर्यंत." मी म्हटलं होतं, बघते. अडतीस गोष्टींमध्ये ती नव्हती.

"त्या बाईंना रक्त मिळालं का?" मी विचारलं.

"हो. दुसरी पिशवी दिली. कार्ड बघून. आता सगळं कार्डावरच चालू आहे."

मी तिथे असते तर काय केलं असतं, ते मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. ती एक नोंद हाताने दुरुस्त केली असती. काउंटरवरच्या मुलीला 'परत आलेल्या पिशव्या आज मला विचारून' असं सांगितलं असतं. आणि चार वाजता साडी नीट करून उद्घाटनाला उभी राहिले असते. डॉ. बर्व्यांना मी तारखेचा शब्द दिला होता.

"एवढी एक नोंद दुरुस्त करून चालवता नाही येणार?" तरी मी विचारलंच.

"एक सापडली म्हणजे एकच आहे असं नाही ना मॅडम. बाकी किती आहेत ते मला माहीत नाही."

"मग बंद राहू दे."

"बंदच आहे. तुम्हाला फक्त कळवून राहिलो."

पाहुणे आले. डॉ. बर्वे माइकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कॉम्प्युटर आज सुरू होणार नाही. रक्तपेढी नेहमीप्रमाणे सुरू आहे." लोकांनी पेढे खाल्ले आणि ते घरी गेले. सोमवारी विश्वस्तांचं एक कडक पत्र ऑफिसला आलं. शेजवलकरांनी ते फाइलला लावलं आणि वानखडेशी आठवडाभर कामापुरतं बोलले.

वानखडे चार दिवस लीलाताईंच्या शेजारी स्टूल घेऊन बसला. त्या कार्डाला काय काय करतात ते नुसतं बघत होता. कोपरा दुमडलेलं कार्ड, टाचणी लावलेलं कार्ड, पेन्सिलीची फुली असलेलं कार्ड. आणखी तीन गोष्टी निघाल्या, ज्या कोणी कोणाला सांगितल्या नव्हत्या. त्यातली एक त्या पिशवीइतकीच वाईट होती. प्रोग्रॅम दुरुस्त झाला. मी कामावर परतल्यावर एका मंगळवारी, हारतुऱ्यांशिवाय, सिस्टिम सुरू झाली आणि पुढे बरीच वर्षं चालली.

पहिल्या दिवशी मी लीलाताईंना भेटायला गेले.

"मॅडम, मी तुम्हाला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो. सांगितलं होतं."

"मग?"

"विसरले."

त्यांनी मान डोलावली. "माणूस विसरतो. म्हणून तर मी कार्ड उलटं ठेवते."

आता मी निवृत्त आहे. आठवड्यातून दोनदा लोणी काळभोरच्या बाजूला एका कॉलेजात प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवायला जाते. मुलं हुशार आहेत. रिस्क रजिस्टरचा तयार साचा त्यांच्या लॅपटॉपवर असतो, रंगसुद्धा आपोआप भरले जातात, लाल, पिवळा, हिरवा. यातली बरीचशी पुढे खराडीच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत जातील. आमच्या वेळी तिकडे शेतं होती आणि आम्ही आठ जण स्केचपेनने भिंतीवर लिहीत होतो. घरमालक खालून ओरडायचे, भिंतीला चिकटपट्टी लावू नका म्हणून. मला ती खोली अजून आठवते. इतक्या मोकळेपणाने मला कुठल्याच वर्गात कोणी धोका म्हटलेलं नाही.

वानखडे पुढच्या वर्षी अमेरिकेला गेला. जाण्याआधी त्याचा वार्षिक अहवाल मीच भरला होता. छापील फॉर्म होता. 'काम ठरलेल्या तारखेला पूर्ण झाले का?' मला 'नाही' लिहावं लागलं. 'ग्राहकाची तक्रार आली का?' 'हो.' शेवटचा रकाना होता, 'उल्लेखनीय कामगिरी'. मी तिथे एकच शब्द लिहिला: 'थांबला.'

शेजवलकरांनी फॉर्म दोनदा वाचला. "वरचे लोक विचारतील, थांबून मिळवलं काय?"

"सांगा, काहीच घडलं नाही."

"आणि त्यासाठी बढती द्यायची?"

"त्यासाठीच."

त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली. यावेळी वाचून केली.

इतक्या वर्षांच्या कामात मला एवढंच कळलंय. धोका टळला की त्याचा पुरावा मागे राहत नाही. राहते ती फक्त उशीर झाल्याची नोंद, आणि ती कुणाच्या तरी नावावर चढते.