महादेवजींनी न उघडलेली पिशवी

श्री. महादेवजी खेरडे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते अकोल्यातल्या एका जीनच्या फाटकाबाहेर. कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांना लागणारे चामडी पट्टे विकणाऱ्या कंपनीत मी नुकताच लागलो होतो आणि जीनच्या मालकांच्या भेटीसाठी सकाळपासून ताटकळत होतो. महादेवजीही त्याच कंपनीचे. ते भर दुपारी आले आणि सरळ आत गेले. ते बाहेर आल्यावर, तुम्हालाच लगेच कसे आत घेतले, असे मी चिडून विचारले, तेव्हा म्हणाले, "सकाळी कापसाच्या गाड्या येऊन रायतात, त्याले पानी प्यायची फुरसत नसते. आता जेवून सुपारी कातरून राहिला. अशा येळी मानूस आयकते."

फुले आणि भाजीपाला पिकवणाऱ्या घरात ते वाढले. कोणता मालक पूजेवरून केव्हा उठतो, कुणाचा राग लिलावानंतर उतरतो, अमरावतीचे कोणते शेठ स्टेशनावर गाडीची वाट बघत निवांत सापडतात, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. कंपनीतले शिकलेले लोक याला 'माळ्याची चलाखी' म्हणत. त्या शब्दांनी माझे डोके आजही फिरते. चांदूर रेल्वेला एका मालकांच्या दारातूनच ते मला घेऊन परत फिरले होते. "त्याची लेक तापानं फणफणून राहिली," ते म्हणाले. "आपला पट्टा कुठी पयून चालला?" यात चलाखी कुठे आहे, ते मला कुणीतरी समजावून सांगावे.

बाळापूर रस्त्यावरच्या एका मोठ्या जीनच्या मालकांनी हंगामभर कुणालाही भेट दिली नव्हती. अशात त्यांचे धाकटे भाऊ अचानक वारले. सुतकाचे दिवस मालक घराच्या ओट्यावर बसून असत आणि भेटायला येणाऱ्याला कुणी अडवत नसे. आमच्या साहेबांना त्यात संधी दिसली. आजच जा आणि पट्ट्यांच्या मागणीवर सही आणा, असा त्यांनी महादेवजींना हुकूम केला. महादेवजी गेले, मालकांजवळ तासभर बसले आणि कागदांची पिशवी न उघडता परत आले. साहेबांनी जाब विचारला.

"सुतकात बसलेला मानूस रिकामा नसते, साहेब," एवढेच ते बोलले. त्याच संध्याकाळी अकोल्याचा भाग त्यांच्याकडून काढून घेण्यात आला.

दुसऱ्या दिवशी त्या ओट्यावर मी गेलो. मालकांनी कागद वाचलाही नाही, नुसती सही केली. अकोल्याचा भाग मला मिळाला आणि महादेवजींनी उरलेली नोकरी आडबाजूच्या लहानसहान जीनांमध्ये हिंडत काढली. त्यांनी मला बोलावले तेव्हा मी शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो. ते म्हणाले, "सही घेतली न तू? मंग आता पट्टे येळेवर पोचव. त्याचं जीन बंद पडू देऊ नको." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

आज तीच कंपनी त्यांच्या साठीनिमित्त मंडप घालते आहे आणि निमंत्रणपत्रिकेत 'आमच्या पेढीची सचोटी' असे छापते आहे. कसली आमची? त्या दिवशी जिला हुकूमभंग म्हटले, तीच ही सचोटी. एक शाल पांघरली म्हणून ती कंपनीची होत नाही. गौरव अंकासाठी लिहिलेल्या या लेखातून सहीचा हा प्रसंग गाळावा अशी गौरव समितीची सूचना आली, ती मी साफ धुडकावली. काही गाळायचेच असेल, तर माझ्या नावाखाली छापलेला 'शिष्य' हा शब्द गाळावा.

खरे म्हणजे साहेबांपेक्षा मला माझाच संताप जास्त येतो. साहेबांनी हुकूम दिला. पाय माझे होते. दर दिवाळीला मी महादेवजींच्या घरी जातो. वहिनी फराळाचे ताट पुढे ठेवतात, महादेवजी हंगाम कसा आहे ते विचारतात. माफी मागायचीच असे ठरवून मी गेलेला असतो, आणि आज सणाचा दिवस, आज नको, असे मनाशी म्हणत उठतो. आता हे लिहिले, पण लिहिणे सोपे आहे. त्यासाठी समोर बसावे लागत नाही.

महादेवजींना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, अशी मी मनापासून प्रार्थना करतो. या प्रार्थनेत माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. मला अजून त्यांच्यासमोर तोंड उघडायचे आहे.