एन्कार्नाच्या हातच्या बंदुका

एन्कार्नाच्या हातची बंदूक गंजली असं कुणी म्हणून तर दाखवावं! मारिओला डोंगराखालच्या आमच्या गावात दर वर्षी मूर, म्हणजे जुन्या काळचे मुसलमान, आणि ख्रिस्ती यांची लुटुपुटूची लढाई होते, आणि ख्रिस्ती पथकाच्या बत्तीस ठासणीच्या बंदुका या बाईच्या ताब्यात. बार काढून झाले की पुरुष पसार; हिने उकळतं पाणी ओतून बारुदीची काजळी धुवायची, नळ्या कोरड्या करून तेलाचा हात फिरवायचा, आणि तोंड खाली करून उभ्या ठेवायच्या, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. तीस वर्षं हेच चाललेलं. रांगेत चालायला मात्र बायकांना मनाई.

साथीमुळे उत्सव दोन वर्षं बंद राहणार म्हटल्यावर पथकाचा कॅप्टन रेमिजिओ मखमली अस्तराच्या बत्तीस चामडी पिशव्या घेऊन आला.

"यात ठेव. थाटात राहू देत."

"चामडं ओल धरतं, कॅप्टन. वाट लागेल बंदुकांची."

"चिंध्या फिरवणारी तू, मला शिकवतेस?"

"हो, शिकवते! एका जरी नळीला गंज निघाला तर गोदामाची किल्ली तुमची. नाही निघाला तर मी रांगेत चालणार."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? "कबूल!" म्हणाला, आणि स्वतःची बंदूक पिशवीत कोंबून तरातरा घरी घेऊन गेला.

दोन वर्षं एन्कार्ना दर सोमवारी गोदाम उघडून, हातमोजे घालून एकेक नळी पुसत राहिली. गुडघे कुरकुरायचे, तरी जायची.

उत्सवाच्या आदल्या दिवशी चौकात तपासणी झाली. तपासनिसानं नळ्यांतून पांढरी चिंधी फिरवली. एकतीस वेळा चिंधी पांढरीच निघाली. बत्तिसावी रेमिजिओची. चिंधी विटेसारखी लाल.

"ही उडवायची नाही," तपासनीस म्हणाला.

"गंज निघाला की गं! दे किल्ली!" मागून कुणीतरी खिदळलं.

शब्द तर एन्कार्नाचाच होता. तिनं किल्ली पुढे केली.

रेमिजिओ कानापर्यंत लाल झाला. "ठेव ती. ही बंदूक तुझ्या हातची नव्हती, माझ्या शहाणपणाची होती. उद्या माझ्या जागी तू चाल."

"आणि तुम्ही?"

"बघू."

दुसऱ्या दिवशी रांगेच्या पुढच्या टोकाला एन्कार्ना होती, हातात तिच्या मेलेल्या बापाची, तिनं घरी जपलेली बंदूक. पहिला बार तिचा. गच्च्यांवरच्या बायकांनी गाव डोक्यावर घेतलं. आणि तिच्या शेजारी, बारुदीचा बुधला गळ्यात अडकवून, रेमिजिओ चालला होता.

"भरा, कॅप्टन!" ती म्हणाली, आणि त्यानं भरली.