मावशीचा कोपरा चुकवणारे चार रस्ते

मंडळी, मासे खाणारे असाल तर माझी आजची अडचण तुम्हाला लगेच कळेल.

गिरगावात आमच्या घराजवळच्या कोपऱ्यावर मासे विकायला बसणारी मावशी आमची नेहमीची. सकाळी तिची जागा रिकामी दिसली. आज येत नाही वाटतं, म्हणून बाजारात जाऊन दुसरीकडून सहा बांगडे घेतले. परत निघालो तर शेजारच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "मावशी आत्ताच आली हो!"

झालं! दुसरीकडचे मासे घेऊन तिच्यासमोरून जायचं कुठल्या तोंडाने?

अकरावीतली लेक सोबत होती. तिने तळहातावर पेनाने गल्ल्या काढल्या. घर तीन गल्ल्या पुढे, दोन गल्ल्या डावीकडे.

"उलटं न फिरता जायचे दहा रस्ते आहेत, बाबा. त्यातले सहा मावशीच्या कोपऱ्यावरून जातात. उरले चार."

त्यातला एक धरून आम्ही ऐटीत घरी पोचलो. गेटवर पाटी घेऊन मावशी उभी!

"तू दिसला नाहीस, म्हणून मीच आले रे. तुझे सहा बांगडे काढून ठेवलेत."

माझ्या पिशवीतून शेपट्या डोकावत होत्या. मावशीने ते पाहिलं आणि पाटीतले सहा बांगडे माझ्यापुढे धरले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिचेही सहा घेतले.

"दहाही रस्ते शेवटी आपल्या गेटवरच येतात," लेक जिन्यात म्हणाली. हे आधी सांगायचं ना!

आता घरात माणसं तीन आणि बांगडे बारा. कोण येतंय जेवायला? आणि हो, येताना मावशीच्या कोपऱ्यावरूनच या.