हत्थाजोडी जड नव्हती

देवासला माताजीच्या टेकडीखाली पूजेच्या सामानाची दुकानं आहेत. त्यातल्या एकात मी पुड्या बांधते. दुकान काकांचं. नात्याचे नव्हेत, सगळा बाजार त्यांना काका म्हणतो म्हणून मीही म्हणते. त्यांचे पूर्वज इथल्या संस्थानच्या सरकारांबरोबर दक्षिणेतून इकडे आले. मी सांगोल्याकडून आले ती एकटी, नवरा गेल्यावर. आधी धारला, काकांच्या लेकीच्या बाळंतपणाला, मग इथे. सहावीत शाळा सुटलेल्या बाईला परमुलखात कोण उभं करतं? काकांनी केलं. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा काकू पंधरा दिवस दवाखान्यात डबा घेऊन येत होत्या, आणि डब्यात ज्वारीची मऊ भाकरी असायची, कारण मला पोळी चालत नाही हे त्यांच्या लक्षात होतं. हे आधीच लिहून टाकते. पुढचं वाचून कुणाला मी नमकहराम वाटेन, कुणाला खोटारडी. दोन्हीची मला धास्ती आहे.

आमच्याकडे हत्थाजोडी विकली जायची. बोटभर, वाळकी, काळपट वस्तू. जोडलेले दोन हात दिसतात. शेंदूर, लवंग, वेलदोडा घालून डबीत ठेवायची. धंदा, कोर्टकचेरी, सगळ्यावर गुण येतो म्हणतात. ती एका झाडाची मुळी, नर्मदेकाठच्या जंगलात मिळते, असं इथे जो तो सांगतो. मुळीला हिंदीत जड़. मी नवी असताना काकांनी एक माझ्या तळहातावर ठेवली नि म्हणाले, "ही जड आहे हो, बाई."

मी म्हटलं, "नाही काका, हलकी आहे की!"

काका डोळ्यांत पाणी येईतो हसले. सगळ्या बाजाराला सांगून आले. मग कित्येक महिने येणारा जाणारा विचारायचा, "क्यों बाई, आज जड़ कित्ती जड है?"

माल बागलीकडचा एक माणूस आणायचा. आला माल कोमट तिळाच्या तेलात बुडवून ठेवायचा, तेल पिणं थांबलं की काढायचा. ते काम माझ्याकडे. एकदा माल ओलसर आला. तेल तापलं आणि असा वास सुटला की मी एकदम माहेरच्या चुलीपाशी जाऊन बसले. माझा बाप घोरपड धरायचा. सांधे धरलेली माणसं तिची चरबी मागायला यायची. तो सोलायचा, मी राख घेऊन शेजारी बसायची. नराच्या शेपटीखालून जे निघतं ते दोन फाट्यांचं असतं. लिहायला लाज वाटते, पण तेच ते. वाळवून शेंदूर फासला की हात जोडल्यासारखं दिसतं. पातेल्यात जेवढ्या जोड्या, तेवढे नर मेलेले.

मी काकांना सांगितलं. "काका, ही मुळी नाही. घोरपड आहे."

"घोरपडीला मुळं फुटतात होय?"

"मुळं नाही हो. तिचं... अंग आहे ते. वास तर बघा."

"ओल्या मुळीला वास येणारच. अगं, मी चातुर्मासात कांदा खात नाही, मी घोरपड विकेन?"

हा त्यांचा पुरावा. ते मनापासून बोलत होते, आणि मला जेवायला त्यांच्याच घरी जायचं होतं. मी परत पातेल्याशी गेले.

मग एका दुपारी वनखात्याची माणसं आली. एक बाई अधिकारी, दोघे शिपाई. बाजूच्या दुकानवाल्याला कसं कळलं देव जाणे, त्याच्या फळीवरच्या डब्या तेवढ्यात नाहीशा झाल्या. काकांनी आमची डबी आपल्या हातानं पुढे केली. "देखिए मॅडम, जड़ है."

अधिकारी बाईंनी काडी ओढून जोडीच्या टोकाला धरली. केस जळाल्याचा वास आला. झाडाची मुळी तशी जळत नाही. काका त्या धुराकडे बघत राहिले आणि गोणपाटावर बसले.

जबाब माझाही घेतला. मला काकांना वाचवायचं होतं. मी म्हटलं, "त्यांना माहीत नव्हतं हो मॅडम. मी सांगितलं तरी पटलं नाही त्यांना, इतकं माहीत नव्हतं."

"क्या बताया था तुमने?"

"यही, के जड़ नहीं है."

त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. घरी जाताना अर्ध्या वाटेत माझे पाय थांबले. कागदावर राहिलं होतं ते एवढंच, की नोकराणीनं मालकाला सांगितलं होतं, तरी मालक विकत राहिला. काकांना कळत होतं, याचा साक्षीदार त्यांच्याविरुद्ध एकच. मी.

काका काही दिवस आत राहिले, मग जामीन झाला. सत्तरीचा माणूस. गुन्हा सिद्ध झाला तर वर्षं जायची तुरुंगात.  काकूंनी मला नेहमीसारखं वाढलं. 

काकांच्या वकिलांनी आम्हाला घरी बोलावलं. म्हणाले, "बाई, तुमच्या मराठीत जड म्हणजे भारी ना? बस. तुमने कहा जड नहीं है, यानी हलकी है. वो किस्सा पूरे बाजार को मालूम है."

"पण मी तसं नव्हते म्हणाले."

"तो भेज दो काका को अंदर."

काका फरशीकडे बघत होते. म्हणाले, "तिला जोर नका करू." त्यांनी जोर केला असता तर बरं झालं असतं.

कोर्टात मी उभी राहिले. म्हटलं, "मी वजनाचं म्हणत होते, साहेब. हातावर हलकी लागली." लोक हसले. एका अर्थी ते खोटं नव्हतंच. वाळल्यावर त्यात उरतं काय! सरकारी वकिलांनी मग सरळ विचारलं, "जानवर का अंग है, ऐसा कभी कहा?" मी नाही म्हटलं. ते मात्र निखालस खोटं.

बाहेर नळावर त्या अधिकारी बाई भेटल्या. मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, "पूरे बाजार में एक तुमने पहचाना था." आणि पाणी पिऊन गेल्या.

काकांनी ती वस्तू विकणं सोडलं. बागलीवाला आता बाजूच्या दुकानात माल उतरवतो. परवा तिथे एक गिऱ्हाईक डबी उघडून घासाघीस करत होतं, खरी कशावरून म्हणून. दुकानवाल्यानं माझ्याकडे बोट केलं. "असली जड़ है भिया, कोर्ट में भी यही निकला. इस बाई से पूछ लो."

गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं. काकांच्या खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे.

मी हो म्हटलं.