ओल्या ब्रायरची घाई

सॅलनी माझ्या टेबलावर ओलं गोणपाट उलगडलं. आत लालसर लाकडाचे काही ठोकळे होते. मातीचा वास अजून गेला नव्हता.

"याचा एक पाईप मला थँक्सगिव्हिंगपर्यंत हवाय," ते म्हणाले.

तेव्हा एप्रिल चालू होता, थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या शेवटी. मी म्हटलं, "दोन वर्षं तरी लागतील."

"मी ऐंशीच्या पुढचा आहे, मॅडम."

न्यू जर्सीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी तंबाखू ओढायच्या पाईपचं लाकूड तयार करते. जवळच्या वेस्ट विंडसरमधल्या मराठी मंडळींच्या एखाद्या गेट-टुगेदरला हे सांगितलं की पोरं विचारतात, "काकू, यू स्मोक?" नाही. मी लाकूड सुकवते. नागपूरला फर्निचरसाठी सुकवायचे, इथे पाईपसाठी.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी वाढणारी गाठ. हे लाकूड सहसा जळत नाही, म्हणून त्याचे पाईप करतात. आधी ते उकळून आतला तुरट रस काढायचा, मग सावलीत हळूहळू वाळवायचं. याला क्युरिंग म्हणतात. यात घाई चालत नाही.

सॅल रिटायर झालेले गवंडी. त्यांच्या वडिलांचं गाव दक्षिण इटलीत. तिथली टेकडी चुलतभावाने विकली. विकण्याआधी एक गाठ खणून, कापून यांना पाठवली.

ते गेल्यावर माझा बॉस ग्रेग म्हणाला, "किल्नमध्ये टाक ना."

किल्न म्हणजे लाकूड सुकवायची गरम खोली.

"तडकेल. वरचं लाकूड आधी आकसतं, आतलं ओलंच राहतं."

"सगळे ठोकळे तडकतील?"

"कुठला तडकेल ते सांगता येत नाही. आणि हे गेले तर परत मिळणार नाहीत."

"मग त्यांना नाही म्हण. तूच म्हण."

पुढच्या आठवड्यात सॅल मुलीला, मारियाला, घेऊन आले. मी समजावून सांगितलं. कच्च्या लाकडाचा धूर कडू लागतो, पाईप आतून जळूही शकतो.

सॅल हसले. "धूर? डॉक्टरने माझं स्मोकिंग कधीच बंद केलंय."

"मग पाईप कशाला?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "धरता येतंय तोवर धरायचाय. माझा बाप त्या टेकडीवर बकऱ्या चारायचा. घरात त्याचं काहीच नाही."



आता प्रश्नच बदलला. पाईप पेटवायचाच नव्हता, फक्त तो तडकू द्यायचा नव्हता. जाड ठोकळा सावकाश सुकतो. त्याला आधीच ढोबळ आकार देऊन आतून पोखरला, तर दोन्हीकडून हवा लागते आणि तो लवकर सुकतो. पण सुकताना वाकतो. वाकडा पाईप विकला जात नाही, म्हणून आम्ही असं करत नाही.

मी तीन ठोकळे घेतले, बाकीचे रीतसर क्युरिंगला ठेवले. उकळताना पाणी चहासारखं व्हायचं. ते मी बदलत राहिले. मग ग्रेगने आकार कापले, भोकं पाडली. मी कापलेल्या टोकांना मेण लावलं, लाकडाच्या भुशात पुरून कागदी पिशव्यांत ठेवले आणि दर सोमवारी वजन करत गेले. पाणी उडतंय तोवर वजन उतरतं. उतरायचं थांबलं की लाकूड सुकलं.

पहिला ठोकळा जूनमध्येच उभा चिरला.  दुसरा सुकल्यावर पॉलिश करायला घेतला तर आत वाळूचा खडा निघाला आणि भोवती पोकळी. गाठ वाढताना असे खडे गिळते. मग तिसऱ्याला हात लावायची मला भीतीच वाटायला लागली. त्याचं वजन ऑक्टोबरच्या शेवटी उतरायचं थांबलं. मग मी तो जपून घासला, पॉलिश केला आणि ग्रेगने तोंडात धरायची नळी बसवली.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात सॅल मारियाबरोबर आले. तोवर त्यांना वॉकर लागला होता. मी पाईप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, हुंगला, रिकामाच दातांत ठेवला.

मग डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "थोडा वाकडा आहे."

"हो. सुकताना वाकला."

"मीही," सॅल म्हणाले आणि मारियाकडे बघून पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

तेव्हापासून किती वेळ लागेल हे सांगण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारते, वस्तू हातात आल्यावर तुम्ही तिचं काय करणार? निम्म्या वेळा उत्तर ऐकून कामाची पद्धतच बदलावी लागते.