बुडवून ठेवलेली होडी

घटस्थापनेच्या सकाळी सगळ्या गावासमोर मी माझी शिडाची होडी धरणाच्या पाण्यात उतरवली, आणि अर्ध्या तासात तिच्या तळाला घोटाभर पाणी चढलं. फळीफळीच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. दसरा नऊ दिवसांवर आलेला. यंदा आमच्या ग्रामदेवीची, आईची, पालखी ह्याच होडीतून पलीकडे नेणार, असं मी देवळात नारळ फोडून सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या सकाळी मला आईचा रागच आला. तिच्यासाठीच तर एवढा खटाटोप केला होता.

आमचं गाव भोर तालुक्यातलं, धरणाच्या काठचं. आईची थोरली बहीण पलीकडच्या काठाला, वेल्ह्याच्या अंगाला. दसऱ्याला धाकटीने थोरलीकडे सोनं द्यायला जायचं, तेही पाण्यावरूनच, आणि पालखीला इंजिनाचा धूर लागू द्यायचा नाही, ही आमची रीत. जुनी नाव कुजून गेली तेव्हापासून तीन वर्षं पालखी टेम्पोत बसून रस्त्याने वळसा घालून जात होती. मागे उभं राहून मी पालखी धरायचो. खड्ड्यात आई हिंदकळली की मी दांडा छातीशी आवळायचो.

मी जन्मभर गाड्यांच्या इंजिनांत हात काळे केलेला मेकॅनिक. निवृत्त झालो आणि ठरवलं, आता आईसाठी होडी आणायची, आणि आणायची तर अशी की दोन्ही तालुक्यांनी बघत राहावं. कोकणात खाडीकाठी एका म्हाताऱ्या कप्तानांनी त्यांची जुनी होडी विकायला काढली होती. अस्सल सागवानी, आमच्या ओसरीपेक्षा लांब, आत दोघांना झोपता येईल अशी छोटी खोली, खिडक्यांना पितळी कड्या. ते तिच्यातून किनाऱ्याकिनाऱ्याने पार गोव्यापर्यंत जाऊन आलेले. बुडाखालचं पातं वर ओढून घेता यायचं, म्हणजे आमच्या उथळ काठालाही ती लागली असती. चार दिवस ठेवून घेऊन त्यांनी मला शीड शिकवलं. ते चार दिवस तिचा तळ मी रोज हात फिरवून पाहिला. ठणठणीत कोरडा.

वरंधा घाटातून ट्रकवर ती वर आली. भोरला चौकात ट्रक थांबला तर फोटो काढायला झुंबड. एकाने विचारलं, “आबा, समुद्र कुठं बांधताय?” मी मिशीवर पीळ देऊन म्हटलं, “तेवढाच राह्यलाय!”

पुढे पावसाळा आला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे भिंतींना बुरशी आणि ट्रंकेतल्या कपड्यांना कुबट वास. चार महिने आम्ही सगळं शेगडीवर जगवतो: धान्य, कपडे, बाळंतिणीची खाट. मग एवढी महागामोलाची वस्तू मी ओलीत ठेवणार होय? पोल्ट्रीची मोकळी शेड घेतली, वर ताडपत्री घातली आणि होडीच्या खाली दोन्ही टोकांना कोळशाच्या शेगड्या ठेवल्या. रोज स्वतः फुलवायचो. बायको म्हणायची, “माज्या बाळंतपनात येवढी शेगडी केली न्हाई तुमी.” मी शेगडीत आणखी कोळसा घालायचो.

आणि तीच होडी आता चाळणीसारखी गळत होती. ओढून काठावर घेतली. कप्तानांचा फोन बंद, ते परदेशी मुलीकडे गेलेले. गुरव शांतपणे म्हणाला, “आबा, टेम्पोला सांगून ठिवू का?” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

दुसऱ्या माळेला मी होडीपाशी पुट्टी कालवत बसलो होतो. देवळाकडून एक बाई आल्या. महाडकडून घाट चढून आमच्या भागात सुकट-बोंबील विकायला येणाऱ्या मावशी. तीस वर्षं इकडे फिरून बोली आमच्यासारखीच झालेली. नवरात्रात मासळी कोण घेणार? पण त्या टोपली न आणता आल्या होत्या. नातीचं बाळंतपण सुखरूप पार पडलं म्हणून आईची ओटी भरायला.

“काय करताय, दादा?”

“भेगा बुजवतोय.”

त्यांनी एका सांध्यातून नख फिरवलं. “पावसाळ्यात कुठं व्हती ही?”

मी मोठ्या तोऱ्यात शेगड्यांचं सांगितलं. मावशी हसत हसत खालीच बसल्या. “आवं दादा, ती काय बाळंतीण हाय व्हय? तहानलीय ती! लाकूड आक्रसलंय. हितं पुट्टी भरली आन् मग लाकूड फुगलं तर फळ्या फाटतील. बुडवा तिला.”

“बुडवू?”

“कडंला, उथळात. पार काठोकाठ. माजं सासरं दर साली बुडवायचं. पानी पिऊ द्या तिला पोटभर.” आणि एस.टी. चुकेल म्हणून त्या निघूनही गेल्या.

आईसाठी आणलेली वस्तू आपल्याच हाताने बुडवायची! मी देवळात जाऊन बसलो. कौल लावायचीही हिंमत होईना. इतकंच म्हणालो, आई, लोखंड मला कळतं, लाकूड कळत नाही, आणि तू तर त्याहून कळत नाहीस. माझं शहाणपण संपलं. मग बाहेर आलो, गाद्या-शीड काढून घेतलं, होडी उथळात ढकलली आणि आत धोंडे रचले. पाणी काठावरून आत शिरलं तेव्हा मी रडलो.

पुढचे सहा दिवस करण्यासारखं काही नव्हतं. हातात पाना नसताना मी कधी एवढा वेळ बसलो नसेन. पहिले दोन दिवस जीव तळमळला. मग हळूहळू मी तिथे बसून नुसतं आईचं नाव घेऊ लागलो. काही मागत नव्हतो. इतका निवांतपणा मला कधी मिळाला नव्हता.

आठव्या माळेला सकाळी धोंडे काढले, बादल्यांनी पाणी उपसलं, तळ पुसून घेतला आणि त्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. दुपारपर्यंत होडी पाण्यावर तशीच उभी ठेवली. मग गुरवालाच आत पाठवलं, मला धीर होईना. त्याने वर्तमानपत्र उचलून डोक्यावर धरलं आणि ओरडला, “आबा, पापड भाजल्यावानी कोरडा हाय!”

दसऱ्याला पालखी होडीच्या मधोमध बसली. मी सुकाणूवर, डोक्याला नवा फेटा. शीड वर चढलं, वाऱ्याने भरलं, आणि मागे हलगी जोरात वाजू लागली. आवाज न करता, धूर न सोडता आई पाण्यावरून निघाली. तिला एक हिसका बसला नाही. मला वाटलं, माझी छाती त्या शिडाएवढी झाली आहे. तो अभिमान मी लपवला नाही, आईपासून तर नाहीच.

पलीकडे थोरलीची पालखी गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती. आईला पाण्यावरून येताना बघायला तीन वर्षं ताटकळलेल्या म्हाताऱ्या आरत्या घेऊन पाण्यातच उतरल्या. दोघी बहिणी भेटल्या, आपट्याची पानं दिली-घेतली, आणि दोन्ही गावं डोळे पुसत राहिली. त्या मावशींना आईनेच पाठवलं असं मी कुणाला पटवायला जात नाही. त्या ओटी भरायला आल्या होत्या, आणि मी पुट्टी भरायच्या आत आल्या होत्या. मला तेवढं पुरतं. जपून जपून मी जिला मारायला निघालो होतो, ती मी हात सोडल्यावर जगली.

तिथल्या एका पाटलांनी होडीवर हात फिरवत विचारलं, “लई देखनी हाय. कुनाची म्हनायची?”

मी तोंड उघडायच्या आत बायको पालखीमागून म्हणाली, “ह्यांचीच! आन् ह्यांनीच बुडवली व्हती!”

सगळा काठ हसला. मी फेटा सारखा केला आणि म्हणालो, “व्हय, म्याच बुडवली.” एवढ्या ताठ मानेने मी आयुष्यात दुसरं काही कबूल केलं नसेल.