चार नंबरच्या खोलीतला वास

गोव्यातल्या मोरजीच्या एका रिसॉर्टमध्ये सोनाबाई सहा वर्षं खोल्या साफ करत होती. मूळची चंदगडकडची. नवरा भैरू गवंडीकामाला आला, त्याच्या मागोमाग तीही. पाहुण्यांपुढं मान खाली, काम झालं की बाहेर, हा तिचा नेम.

सोमवारी चार नंबरला सहा जणांचं कुटुंब उतरलं. स्वयंपाकासाठी मागं सगळ्यांची सामाईक खोली होती, खोलीत चूल पेटवायची नाही असं दारावरच लिहिलेलं. तरी दुसऱ्या दिवशी पलंगाशेजारी लहान सिलिंडर आणि शेगडी दिसली. वर झावळ्यांचं छप्पर.

"साहेब, इथं शेगडी चालत नाही," ती हळूच म्हणाली.

"तू तुझा झाडू मार," त्या कुटुंबाचा कर्ता माणूस मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "नाव काय तुझं? तक्रार टाकू का?"

तिनं काउंटरवरच्या सेजलला सांगितलं, सेजलनं मॅनेजर गोकुळदासांना. त्यांनी फोनवर गोड शब्दांत विनंती केली. पलीकडून हसणं ऐकू आलं.

बुधवारी अकराच्या सुमाराला ती व्हरांडा पुसत होती. कुटुंब गाडी घेऊन बाहेर पडताना तिनं पाहिलं होतं. चार नंबरच्या दाराला 'आत येऊ नये'ची पाटी. आणि दाराखालून सडक्या कांद्यासारखा वास.

पाटी असताना दार उघडलं तर नोकरी जाते, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. तिनं कान लावला. आत कोणीतरी खोकलं.

मग मात्र तिनं किल्ली लावली. वास अंगावरच आला. दिव्याच्या बटणाकडं गेलेला हात तिनं मागं ओढला. गावी पहिला सिलिंडर आला तेव्हा एजन्सीच्या माणसानं तेवढं एकच बजावलं होतं. पडदे ओढलेले होते. अंधारात चाचपडत तिनं सिलिंडरची चावी फिरवून बंद केली. साबण लागलेल्या बोटांतून ती दोनदा निसटली. खिडक्या उघडल्या. तेव्हा कोपऱ्यातल्या पलंगावर म्हातारी दिसली.

"आजी, उठा."

"कोण गं तू? थांब, माझी कवळी..."

"कवळी राहू दे, आजी." तिनं म्हातारीला काखेत हात घालून अर्धवट उचललं. उंबऱ्यापर्यंतची दहा पावलं संपता संपेनात. आता ठिणगी पडेल, आता पडेल, एवढंच डोक्यात. बाहेर नारळाखाली तिनं म्हातारीला बसवलं आणि सेजलला हाक मारली.

तासाभरानं गाडी आली. सेजलनं तोवर सिलिंडर बाहेर काढून ठेवला होता.

"पाटी असताना आत शिरलीस कशी?" तो माणूस तिच्या तोंडासमोर मोबाइल धरून विचारू लागला. "बोल, काय चोरलंस?"

गोकुळदास धावत आले. त्यांचाही चेहरा उतरलेला होता. "सोनाबाई, तू माफी माग बघू, मग पुढं बघू," ते पुटपुटले आणि चार नंबरकडं वळले. उंबऱ्यातच थबकले. आत अजून वास होता. परत आले ते शांत होऊन.

"सामान बांधा," ते म्हणाले. "तीनच्या आत."

"आम्ही या रिसॉर्टचे मेंबर आहोत."

"बाजूच्या खोलीत दोन लहान मुलं आहेत. बांधा."

तीनला ते गेले. म्हातारी मागच्या सीटवर बसली होती, तिनं उघड्या खिडकीतून सोनाबाईला हात जोडले. तिच्या मुलानं, त्या मोबाइलवाल्यानं, लगेच काच वर केली.

ते पुन्हा येतील, तक्रार करतील, कुठंतरी तिचा व्हिडिओ टाकतील, अशी भीती सोनाबाईच्या मनातून हटेना. गोकुळदासांनी "नोकरीची काळजी करू नको" म्हटलं, तेही तिला पुरतं पटलं नाही.

संध्याकाळी खोलीवर तिला गॅसजवळ जाववेना. भैरूनंच चहाचं आधण ठेवलं. त्यानं काडी ओढली, तेव्हा ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली.